टीव्हीच्या खोलीतल्या कांताताई

कांताताई ओव्हाळांच्या वहीत मोकळ्या चौकटी फार असायच्या.

कामशेतच्या पुढे, फाट्यापासून थोडी आत आमची कंपनी आहे. पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग करतात. सहा मोठी प्रेस मशीनं. कुठल्या मशीनची मोटर किती तापली, तेलाचा दाब किती, हे दर दोन तासांनी जागेवर जाऊन बघायचं आणि वहीत लिहायचं, हे काम ताईंनी चोवीस वर्षं केलं. दुसऱ्या पाळ्यांच्या वह्या कशा भरगच्च. अठ्ठावन्न, अठ्ठावन्न, अठ्ठावन्न. कँटीनमध्ये बसून, एका हातात पाव धरून लिहिलेल्या. ताईंच्या वहीत मध्येच एक चौकट मोकळी, आणि शेजारी बारीक अक्षरात कारण. 'लाईट नव्हती.' 'साहेबांनी बोलावलं, राहिलं.' 'गुडघा दुखत होता, गेले नाही.' या मोकळ्या चौकटींपायी त्यांना दोनदा मेमो मिळाला होता.

मी कंपनीत आले ती कंत्राटदाराकडून, झाडलोटीला. माझं गाव जिंतूरच्या बाजूला. शाळा सहावीत सुटली. नवरा टेम्पोवर ड्रायव्हर, कामशेतला भाड्याची एक खोली. गेटवर रोज पास दाखवताना वाटायचं, आज म्हणतील, बाई, तुमचं नाव यादीत नाही. अशा बाईला कांताताईंनी जवळ का केलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पण पहिल्यांदा त्या माझ्याशी बोलल्या ते आठवतं. त्यांनी विचारलं होतं, तीन नंबरखालचं तेल पुसलं का? मी म्हटलं, "बहुतेक पुसलं."

त्यांनी एक बोट वर केलं. "बगितलं, का बहुतेक?"

हे त्यांचं ठरलेलं होतं. 'बहुतेक' हा शब्द त्यांच्यासमोर कुणी काढायचा नाही. पोरं मुद्दाम काढायची. "ताई, आज बहुतेक पाऊस येईल." ताई खिडकीशी जाऊन आभाळ बघून यायच्या आणि मग बोलायच्या. त्या हसायच्या नाहीत, त्यामुळे पोरांना जास्तच हसू यायचं.

बुटका बांधा, अंबाड्यात खोचलेलं पेन, पायात पुरुषी सेफ्टी बूट. त्या कामाला लागल्या तेव्हा बायकांच्या मापाचे बूट कंपनीत यायचेच नाहीत. मोठ्या बुटात चिंध्या कोंबून त्या चालायच्या. पुढे बायकांचे बूट आले तरी त्यांची चाल तशीच राहिली, पाय जरा फरफटत. गावाकडं ओढ्याकाठी त्यांचं थोडं भाताचं खाचर होतं. आवणीच्या, म्हणजे भात लावायच्या दिवसांत सगळा कारखाना आजारी पडायचा. कुणाचं पोट, कुणाची आजी. ताईंच्या अर्जात एकच ओळ असायची, 'आवणी आहे, तीन दिवस येणार नाही.' साहेब म्हणायचे, "अहो बाई, निदान ताप तरी लिहा, मला मंजूर करायला सोपं जातं." ताई म्हणायच्या, "ताप आला की ताप लिहीन की साहेब."

मग एका वर्षी सेन्सर आले.

पुण्याच्या ऑफिसातून केतन नावाचा इंजिनीअर आला, जेमतेम पंचविशीचा, केस डोळ्यांवर. त्यानं प्रत्येक प्रेसच्या अंगाला चुंबकाने चिकटणारी काड्यापेटीएवढी एकेक डबी लावली. ती डबी मशीनची थरथर आणि उष्णता मोजते आणि तारेशिवाय एका स्क्रीनवर पाठवते. एकेका मशीनची एकेक रेघ. रेघ मर्यादेच्या वर गेली की लाल होते. दोन तासांनी नाही, सेकंदा-सेकंदाला. सगळ्यांना वाटलं, कांताताईंचं काम संपलं. सुदाम तर तोंडावर बोलला. सुदाम पाच नंबरवर असायचा, जवळच्याच गावचा, कंत्राटावरचाच, पण हात भारी चपळ आणि जीभ त्याहून. "ताई, आता तुमची वही रद्दीत, आन् तुमी नातवंडांत."

"माझ्या वहीला रद्दीवाला बी घ्यायचा न्हाई रं," ताई म्हणाल्या. "निम्मी कोरी हाय."

झालं उलटंच. केतनला मशीनं पूर्वी कशी चालत होती ते हवं होतं. बिघाड होण्याच्या आधी आकडे कसे चढत जातात, हे जुन्या नोंदींवरून कॉम्प्युटरला शिकवायचं, असं तो सांगायचा. त्यानं सगळ्या पाळ्यांच्या वह्या मागवल्या. चार दिवस एका टेबलावर बसून त्यानं त्या चाळल्या आणि अठ्ठावन्नांचा गठ्ठा बाजूला सारला. ताईंच्या वह्या तेवढ्या ठेवल्या. मी तिथं फरशी पुसत होते. तो म्हणाला, "मॅडम, या मोकळ्या जागा आहेत ना, म्हणून बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो."

ताईंनी विचारलं, "म्हंजी मेमो माघारी घेनार का?"

मेमो कुणी मागे घेतला नाही, पण स्क्रीन बघायचं काम त्यांना मिळालं. शॉपच्या, म्हणजे मशीनं चालतात त्या शेडच्या कोपऱ्यात काचेची खोली, टेबल, पंखा, खुर्ची. लोक तिला टीव्हीची खोली म्हणायचे आणि ताईंना टीव्हीवाली बाई. पहिल्या दिवशी ताई खुर्चीवर बसल्या, उठल्या, परत बसल्या. म्हणाल्या, "चोवीस वर्सांत कंपनीनं पहिल्यांदा बस म्हनलं." दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टरांनी उभं राहू नका म्हणून सांगितलेलं, आणि रिटायर व्हायला दीड-दोन वर्षं बाकी. ती खुर्ची त्यांना किती हवी होती, ते मला माहीत आहे. पण ती कायमची नव्हती. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, की वरच्यांचा विचार सगळ्या प्लांटच्या रेघा पुण्यात एकाच ठिकाणी बघायचा आहे. इथली खोली वर्षभर बिनचूक चालली तर ठेवू, नाहीतर स्क्रीन पुण्याला.

मदतीला त्यांनी मला मागून घेतलं. मी हात जोडले. "ताई, मला नाही जमायचं. मला तर इंग्रजी एबीसीडीसुद्धा अर्धीच येते."

"रेघेला कुटं एबीसीडी असती?"

त्यांची शिकवण्याची रीत अशी. आधी स्क्रीन बघूच दिली नाही. तीन दिवस मला एकेका मशीनसमोर उभं केलं. जाळीच्या बाहेर, हात मागे बांधून. नुसतं ऐक. दोन नंबर दाबताना दोनदा हुंदका देतं. सहा नंबर सकाळी गार असताना कुरकुरतं, चहानंतर गप्प होतं. मग खोलीत नेऊन विचारलं, "आता सांग, ह्यातलं सहा नंबर कंचं?" नावं कागदानं झाकलेली. मी एका रेघेवर बोट ठेवलं. सकाळी उंच, नंतर खाली बसलेली. कागद काढला तर सहा. शाळेत माझं कधी काही बरोबर आलं नव्हतं. मी रडले. ताई म्हणाल्या, "रड, पन की-बोर्डावर नको."

दर सोमवारी त्या आणखी एक गोष्ट करायच्या. हातोडीचा लाकडी दांडा घेऊन शॉपवर जायच्या, एकेका डबीशेजारी ठक् करून मारायच्या आणि मला फोन करायच्या, "कुनाची रेघ उडाली?" मी सांगायचे, एकची. मग दोनपाशी. सहाही झाली की वहीत सही. केतन हसायचा, म्हणायचा, मॅडम, सिस्टीमला माहीत असतं कुठला सेन्सर कुठे आहे. ताई म्हणायच्या, "सिस्टीमला तूच सांगितलंस ना? मग तू चुकलास तर तिला कोन सांगनार?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे मशीनची पूजा असते. आदल्या दुपारपासून मशीनं धुवायची, पाने-हातोड्या घासून ताटात मांडायच्या, झेंडूचे हार. ताई बौद्ध. पूजेला त्या बसायच्या नाहीत, पण मशीन धुवायला सगळ्यांच्या पुढे. "नारळ तुमचा, घान माझी," म्हणायच्या. त्या वर्षी मात्र त्या गावातल्या बायकांबरोबर दीक्षाभूमीला नागपूरला गेल्या होत्या. चार दिवसांची रजा, अर्जात खरं कारण. धुण्याचं काम माझ्याकडे आलं.

मी फार मनापासून धुतलं. डब्यांना पाणी लागू नये म्हणून सहाही डब्या काढल्या, फडक्यानं पुसल्या आणि ताटात, पान्यांच्या शेजारी ओळीनं मांडल्या. गुरुजींनी त्यांनाही हळदकुंकू वाहिलं. मला बरं वाटलं, की नवीन आलेल्यांचीही पूजा झाली. नंतर ताट कुणीतरी इकडचं तिकडं केलं, आणि मी सगळ्या डब्या पुसून परत चिकटवल्या. सारख्याच तर होत्या. मागच्या बाजूला बारीक नंबर असतो, हे मला माहीत नव्हतं. आणि ते मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, की मला माहीत नाही.

दसरा झाला, मशीनं सुरू झाली, आणि पाच नंबरची रेघ लाल.

शनिवारी साहेबांनी सुदामला मशीनवरून उतरवलं. सुदाम जास्त माल काढायच्या नादात मशीन हाणतो, अशी तक्रार आधी एकदा होतीच. त्याच्या जागी दुसरा माणूस बसवला, तरी रेघ लालच. साहेब म्हणाले, बघा, बिघडवूनच ठेवलंय. सुदाम म्हणत होता, "साहेब, मशीन ठणठणीत हाय, हात लावून बगा." कोण बघतो. येत्या बुधवारी त्याला कंत्राटदाराकडे परत पाठवायचं ठरलं, म्हणजे घरीच.

ताई सोमवारी आल्या. चप्पल काढून बूट घालायच्या आत साहेब दारात. "बाई, पाचचं रीडिंग वाढलंय हे लिहून द्या, मला वर पाठवायचंय." ताईंनी स्क्रीन बघितली. चार दिवसांची लाल रेघ समोर होती. त्यांनी लिहून दिलं, सही केली. त्या दिवशी दांडा घेऊन फिरायचं राहिलं. एकाच सोमवारी राहिलं.

मंगळवारी पाच नंबर उघडायचं ठरलं. तोवर सगळी मशीनं एकाच वेळी चालू, एकाच वेळी बंद होत होती. त्या दिवशी पहिल्यांदा एकटं पाच बंद केलं. ताई फिटरांबरोबर खाली, मी खोलीत स्क्रीनपुढे. आणि माझ्या डोळ्यांदेखत तीन नंबरची रेघ सपाट झाली. पाचची लाल रेघ तशीच थरथरत राहिली.

मला एका क्षणात सगळं दिसलं. ताट, झेंडू, सहा डब्या. पाचवर तीनची डबी मी लावली होती, आणि तीनवर पाचची.

फोन वाजला. ताई. "पाच बंद केलंय. रेघ खाली आली का?"

मी म्हटलं, "आली, ताई."

खोटं नव्हतं. एक रेघ आली होतीच खाली. मी स्वतःला तेच सांगत होते. माझ्या डोळ्यांपुढे गेट होतं आणि गेटवरची यादी.

ताई म्हणाल्या, "कुनाची आली ते बगितलं, का बहुतेक?"

मी स्क्रीनवरच्या नावांवरून परत बोट फिरवलं.

"सुनंदा. कुनाची?"

"तीनची," मी म्हटलं. "पाचची चालूच आहे. ताई, डब्या मी धुतल्या होत्या."

मग त्या म्हणाल्या, "उटू नको. रडू बी नको. मी आधी तीन बंद करते."

तीन नंबर उघडलं तेव्हा आतलं बेअरिंग काळंनिळं पडलेलं निघालं. पाच नंबरला काहीच नव्हतं.

दुपारी ताईंनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. "काय झालं ते लिही."

"ताई, तुम्ही लिहा, मी सही करते. मला जोडाक्षरं येत नाहीत."

"मोडकं चालंल."

मी लिहिलं. डब्या मी काढल्या, मी पुसल्या, मी लावल्या. चार ओळींना अर्धा तास लागला. मग त्यांनी कागद ओढून घेतला, अंबाड्यातलं पेन काढलं आणि माझ्या सहीखाली लिहायला लागल्या. मी उलटीकडून वाचत होते. 'मशीन धुतल्यावर डब्या तपासणे माझे काम होते. मी सोमवारी तपासल्या नाहीत. न तपासता सुदामविरुद्ध लिहून दिले.'

मी त्यांचा हात धरला. "ताई, हे नका लिहू. माझं आहे तेवढं पुरे आहे. खोली जाईल."

"व्हय. जाईल."

"मग?"

"मग काय, खोली ऱ्हावी म्हनून त्याला घरी बसवू?" आणि पेन परत अंबाड्यात खोचत, "गुडघ्याचं काय, त्ये तसं बी दुखतंयच."

कागद साहेबांकडे गेला. साहेब ताईंना जेवढं बोलायचं तेवढं बोलले. मला काढलं नाही. ज्यांचं काम होतं त्यांनीच लिहून दिलंय, मग झाडलोटीच्या बाईला काढून काय करायचं, असं म्हणाले म्हणे. सुदाम गुरुवारी परत पाच नंबरवर आला. कुणी त्याची माफी मागितली नाही.

महिन्याभरात पुण्याहून केतनबरोबर दोघं जण आले आणि स्क्रीन उचलली. ताईंनी त्यांना वायरी गुंडाळून दिल्या. मग विचारलं, "तितनं तुमाला मशीन हाललेलं दिसंल. धुतलेलं दिसंल का?" ते दोघं हसले. केतन हसला नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याचा निरोप आला, की प्रत्येक डबीवर आणि तिच्या जागेवर रंगानं मोठा आकडा घाला, आणि दर सोमवारी ठोकून पुण्याला फोन करा. आकडे मी आणि ताईंनी मिळून घातले. ठोकायचं काम माझ्याकडे आलं, ते अजून आहे. पलीकडून एक मुलगी विचारते, "मॅडम, कुठला?" मला मॅडम म्हणते.

ताईंना माल बाहेर जातो त्या दारावर दिलं, गाडीत चढणारे खोके मोजायला. तिथं खुर्ची ठेवायची सोय नाही, फोर्कलिफ्ट फिरते. वर्षभर त्या उभ्या होत्या. दुपारी भिंतीला पाठ लावायच्या, एक गुडघा वाकवून, मग दुसरा.

सुदाम त्यांच्याशी बोलत नव्हता. शेजारून जाताना मान फिरवायचा. कँटीनमध्ये एकदा मोठ्यानं म्हणाला, "टीव्हीवाल्या बाईनं पोटावर पाय दिला. चार दिवस बायकोला तोंड दाखवायची चोरी झालेली." ताई दोन टेबलं पलीकडे डबा खात होत्या. मला राहवेना. मी म्हटलं, "ताई, त्याला सांगा ना, खोली कशापायी गेली ते. नाहीतर मी सांगते."

"तू गप बस." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "त्याला काडायच्या कागदावर माझी सही हाय. ती त्यानं बगितली. त्यात खोटं काय हाय?"

"पण परत घ्यायच्या कागदावरही तुमचीच आहे."

"त्ये माझं कामच होतं गं."

मी तरीही त्यांचं ऐकलं नाही. त्या रिटायर व्हायच्या आदल्या आठवड्यात, सोमवारी, पाच नंबरपाशी ठोकताना मी सुदामला सगळं सांगितलं. ताट, डब्या, माझी भीती, तो कागद, त्यावरच्या दोन सह्या. तो पत्रा सरकवत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "मंग ती बाय मला कशापायी बोलली न्हाई?" आणि मशीन सुरू केलं.

ताईंचा शेवटचा दिवस शनिवार होता. शाल, नारळ, पेढे, साहेबांचं पाच मिनिटांचं भाषण. चार वाजता त्या एकट्याच गेटबाहेर पडल्या. फाट्यापर्यंत रिक्षा सांगते म्हटलं, तर नको म्हणाल्या. मी गेटवर उभी राहिले. हातात शाल-नारळाची पिशवी, पायांत बुटांऐवजी साधी चप्पल, तरी चाल तीच.

मागून सुदामची मोटारसायकल आली. त्यांच्या पुढे गेली, थांबली.

"बसा," तो म्हणाला. त्यांच्याकडे न बघताच.

"दुसरं हेल्मेट हाय का?"

"फाट्यापर्यंतच तर जायचंय ताई."

"मंग मी न्हाई बसायची."

मला वाटलं, आता हा जाईल निघून. पण त्यानं गाडी बंद केली, खाली उतरला आणि हँडल धरून गाडी ढकलत त्यांच्या बाजूनं चालायला लागला. तो पाय आवरून चालत होता, कारण ताईंना भराभर जमत नव्हतं. रस्त्यावरच्या मोरीपाशी तो थांबला आणि काहीतरी म्हणाला. एवढ्या लांबून मला ऐकू आलं नाही. ताईंनी त्याच्याकडे बघितलं. त्यानं हात पुढे केला, त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि गाडीच्या हँडलला अडकवली.